व्हिपलच्या ऑपरेशनची कुळकथा

वरळी कोळीवाड्यात सकाळी म्हावरं कापायला बसलेल्या कोळणीच्या पुढ्यात मुशी असेल, तर जरा थांबून बघावं. पोट फाडल्यावर जठराच्या खालच्या टोकाशी, आतड्याला लगटून एक पिवळट-पांढरी चिंचोळी पट्टी दिसते. ते मुशीचं स्वादुपिंड. शेजारच्या टोपलीतल्या बांगड्यात ते असं वेगळं सापडायचं नाही. हाडाच्या बहुतेक माशांत ते आतड्याभोवतीच्या चरबीत विखुरलेलं असतं. मुशी आणि पाकट या कूर्चेच्या माशांत मात्र ते स्वतंत्र इंद्रिय असतं.

माणसाचं स्वादुपिंड इतकं सहज नजरेला पडत नाही. ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढं आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण 15 सेंटिमीटर. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात रुतलेलं. यकृताकडून येणारी पित्तनळी त्याच डोक्यातून खाली उतरते आणि आतड्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याला चिकटून जातात. तीनपैकी दोन कर्करोग याच डोक्यात सुरू होतात. तेवढाच भाग काढायचा म्हटलं तरी त्याबरोबर लहान आतड्याचं वळण, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा आणि कधी जठराचा भागही काढावा लागतो. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर पुन्हा आतड्याला जोडायचं. या शस्त्रक्रियेला जगभर व्हिपलचं नाव आहे; पण तिची सुरुवात त्याच्या आधीची.

इटलीत अलेस्सांद्रो कोदिव्हिला यांनी 1898 मध्ये पहिला मोठा प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही. बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांना 1909 मध्ये यश आलं, तेही दोन टप्प्यांत: आधी पित्ताला आतड्यात जायला दुसरी वाट, कावीळ उतरल्यावर गाठ काढणं. ही सावधगिरी उगाच नव्हती. पित्त आतड्यात पोचलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठत नाही, आणि कावीळ झालेला रुग्ण टेबलावरच रक्तस्रावानं जाण्याची भीती असते. त्या काळी या जीवनसत्त्वाचा शोधही लागलेला नव्हता.

ॲलन व्हिपल यांचा जन्म 1881 मध्ये इराणातल्या उर्मियाचा, आईवडील मिशनरी. पुढं ते न्यूयॉर्कला शल्यविशारद झाले. त्यांच्या पहिल्या प्रयत्नात टाके कॅटगटचे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याचे होते. स्वादुपिंडाचा रस मांसही पचवतो. त्यानं तो धागाही पचवला, जोड सुटला आणि रुग्ण दगावला. व्हिपल यांनी धागा बदलला, रेशीम घेतलं. 1935 मध्ये त्यांनी आपले अनुभव छापले आणि शल्यविशारदांचं लक्ष या शस्त्रक्रियेकडं वळलं. के जीवनसत्त्व हाती आल्यावर दोन टप्प्यांची गरज उरली नाही. मार्च 1940 मध्ये जठराचा कर्करोग समजून उघडलेल्या पोटात स्वादुपिंडाची गाठ निघाली. कावीळ नव्हती, म्हणून व्हिपल यांनी सगळं एकाच वेळी उरकलं. पुढच्याच वर्षी, 28 फेब्रुवारी 1941 रोजी, आपल्या परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं.

एवढ्यावर ही कहाणी सुखाची झाली असती तर बरं होतं. पण पुढची कित्येक वर्षं या ऑपरेशननंतर चारातला जवळजवळ एक रुग्ण रुग्णालयातच दगावत असे. 1970 मध्ये जॉर्ज क्राइल या नामवंत अमेरिकी सर्जननं तर लिहिलं की, हे सोडा, पित्ताला दुसरी वाट काढून द्या, तेच बरं. त्यांचं म्हणणं निर्दय नव्हतं. त्या आकड्यांपुढं ते रास्तच होतं. चित्र पालटलं ते कुठल्या नव्या चाकूनं नव्हे, हातांच्या सरावानं. बाल्टिमोरच्या जॉन कॅमेरॉन यांच्या चमूनं 1993 मध्ये सलग 145 शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता पार पाडल्याचं छापलं. जिथं ही शस्त्रक्रिया वारंवार होते, तिथं मृत्यूचं प्रमाण आज शंभरात पाचांच्या आत आहे. अवघड जागा मात्र तीच राहिली: लोण्यासारख्या मऊ स्वादुपिंडाचा आतड्याशी जोड. तो गळला की तोच रस आतलं मांस खाऊ लागतो.

टाटामध्ये सर्जन डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं आहे. गावाहून आलेले नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करून फेऱ्या मारतात. वरळीकराला तेवढंही करावं लागत नाही, परळ हाकेच्या अंतरावर. तरी उशीर होतोच. ऑपरेशन करता येईल अशा अवस्थेत निदान होणारे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच असतात. 17 मार्च 2019 रोजी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेले, तेव्हा घराघरांत या आजाराचं नाव पोचलं. लक्षणं मात्र पोचली नाहीत.

आणि लक्षणांच्या बाबतीत आपल्याकडची एक सवय फार महागात पडते. डोळे पिवळे दिसले की आपण कावीळ उतरवायला नेतो. गळ्यात माळ घालतात, ती दिवसागणिक लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं. "पोटात दुखत नाही ना, मग घाबरायचं काय?" असा धीरही दिला जातो. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप काही आठवड्यांत ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनळी दाबते तेव्हा कावीळ बहुतेकदा दुखण्याशिवायच येते आणि वाढत जाते. तेव्हा न दुखणं हीच काळजीची गोष्ट, आणि माळ लांबण्याची वाट बघत गेलेले आठवडे म्हणजे गाठ काढता येण्याचा काळ.

म्हणून कोळीवाड्यातल्या, लालबागमधल्या, कुठल्याही घराला एवढंच सांगणं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, वजन उतरू लागलं किंवा घराण्यात नसताना अचानक मधुमेह निघाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा. सोनोग्राफी करा, ते सांगतील तर सीटी स्कॅन करा. तंबाखूची सवय असेल तर आजच सोडा, धूम्रपान हे या रोगाचं ठाऊक असलेलं कारण आहे. आणि ऑपरेशन ठरलंच, तर ते जिथं नेहमी होतं, अशाच ठिकाणी करून घ्या.