शब्दवेध : भूल
भूल म्हणजे चूक. पण ऑपरेशनआधी डॉक्टर 'भूल' देतात, तेव्हा चूक कुणाचीच नसते. हा शब्द प्राकृतातल्या 'भुल्ल'पासून आला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश'ऐवजी येणारी रूपं दिली आहेत. त्यांत 'चुक्क' आणि 'भुल्ल' शेजारी शेजारी आहेत. चूक आणि भूल इतक्या जुन्या सोबतिणी! भ्रंश म्हणजे ढळणं. रानात वाट ढळली की भूल पडते, मन ढळलं की माणूस भुलतो, आणि औषधानं भान ढळलं तरी ती भूलच.

'अ‍ॅनेस्थेशिया' ग्रीकातून आला. अर्थ, संवेदना नसणं. मिडाझोलामच्या बाबतीत मला आपलाच शब्द नेमका वाटतो. एंडोस्कोपीआधी शिरेतून हे शामक देतात. रुग्ण हाकेला ओ देतो, सांगितलं तर कूस वळवतो. नंतर मात्र त्याला यातलं बहुधा काहीच आठवत नाही. हे औषध वेदनाशामक नव्हे, ते नव्या आठवणी रुजूच देत नाही. अक्षरशः भूल! त्यानं श्वासही मंदावू शकतो, म्हणून डॉक्टरांची नजर श्वासावर असते. घरी झोपेच्या गोळ्या घेत असाल, तर भूलतज्ज्ञांना आधी जरूर सांगा.