मूळ गाडी कोणती? : जॅग्वार ई-टाइपच्या जीर्णोद्धाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुनी गाडी नवी करणे आणि जुनी गाडी जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याची सुरुवातीची बरीच मेहनत हा फरक अंगवळणी पडण्यातच खर्ची पडते, आणि ती वाया जात नाही. पत्राकाम, वेल्डिंग, इंजिन, वायरिंग यांतले कसब गॅरेजमध्ये उमेदवारी करून शिकता येते. समोरच्या गाडीत काय राखायचे, काय बदलायचे आणि बदललेल्याची नोंद कशी ठेवायची, हे मात्र त्या कसबाबरोबर क्वचितच शिकवले जाते. पुढची प्रकरणे त्यासाठी आहेत. उदाहरणादाखल एकच गाडी घेतली आहे, जॅग्वार ई-टाइप, कारण या विषयातले बहुतेक सगळे प्रश्न तिच्या एकटीच्या पत्र्याखाली सापडतात.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. ते विमाननिर्मितीतून मोटारींकडे आलेले वायुगतिकीचे जाणकार होते आणि गाडीचे वक्र गणिताने काढत. बोनेटखाली सहा सिलिंडरचे ३.८ लिटरचे एक्सके इंजिन होते. त्याची जात १९४८ च्या एक्सके १२० पासूनची आणि ल मान्सच्या शर्यतींत तावूनसुलाखून निघालेली. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, मागचे सस्पेन्शन स्वतंत्र होते, आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा होता. १९७४ पर्यंत तीन मालिकांत मिळून अशा सुमारे ७२ हजार गाड्या बनल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली, त्यामुळे मराठी अभियंत्यांचे या नावाशी नाते आता केवळ दुरून कौतुक करण्याचे राहिलेले नाही.

गाडी खोलायला घेतली की बहुतेक मालक एकच वाक्य बोलतात: ‘कारखान्यातून निघाली तशी करून द्या.’ या वाक्याचा मान ठेवायचा तर विचारावे लागते, की कारखान्यातून कधी निघाली तशी? पहिल्या सुमारे ५०० गाड्यांच्या बोनेटची कुलपे बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडत. पुढे ती आत गेली. सुरुवातीच्या गाड्यांत पायाखालचा पत्रा सपाट होता. उंच माणसाला पाय ठेवायला जागा पुरेना, म्हणून १९६२ च्या सुरुवातीला तो खोलगट झाला. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर सगळ्या गिअरना सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स, चांगल्या सीट, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आणि उलट अर्थिंग आले. १९७१ मध्ये ५.३ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन बसले. म्हणजे कारखाना स्वतःच तिच्यात अखंड सुधारणा करत होता. प्रसिद्धीसाठी पत्रकारांच्या हाती दिलेल्या पहिल्या गाड्याही खास तयार केलेल्या होत्या. दीडशे मैलांचा तो प्रसिद्ध आकडा अशाच गाडीने गाठला. त्यामुळे ‘मूळ’ हा शब्द आपण तारखेशिवाय वापरू नये, असा माझा आग्रह आहे. ‘अमुक चासी नंबरची, अमुक महिन्यात बाहेर पडलेली’ एवढे सांगितले की मगच त्याला अर्थ येतो. सुदैवाने कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ क्रमांक, मूळ रंग आणि तारखा कळतात. पान्याला हात लावण्याआधी हे प्रमाणपत्र मागवावे.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संपादकांनी एक शिस्त पाळली. शेकडो पोथ्या ताडून एक पाठ वर घेतला, पण बाजूला ठेवलेले पाठ पुसले नाहीत. तळटीपांत त्यांना जागा दिली. पुढच्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर तो त्याच पानावर दुसरा मार्ग शोधू शकतो. गाडीच्या जीर्णोद्धाराला माझ्या मते हीच शिस्त लागू पडते. आपण निर्णय घ्यायचा, ठामपणे घ्यायचा, आणि तो उलटवण्याची सोय पुढच्यासाठी ठेवायची. काढलेला कार्ब्युरेटर, बदललेला डायनामो, जुन्या हार्नेसचा तुकडा यांवर चिठ्ठी लावून ते खोक्यात जपायचे आणि ते खोके गाडीबरोबर नव्या मालकाकडे जायला हवे. माझ्या लेखी सुधारणेची कसोटी हीच: ती काढता येते का, आणि तिच्यापायी काढलेले कुठे आहे?

ही माझ्या एकट्याची लहर नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. तिच्यामागे वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा विचार आहे. आधी जपणूक, मग लागेल तेवढीच दुरुस्ती, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद, असा तिचा सूर आहे. हा सूर प्रदर्शनांच्या मैदानापर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागला. अनेक दशके आरशासारख्या रंगाला आणि काटेकोर फटींना बक्षिसे मिळत राहिली. कारखान्याने कधीच दिली नव्हती एवढी सफाई गाड्यांवर चढली आणि तिच्याखाली कारखान्याच्या हाताच्या खुणा गेल्या. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला सर्वोत्तम गाडीचा मान प्रथमच जीर्णोद्धार न केलेल्या, जपणूक गटातल्या गाडीला मिळाला. ती १९३४ ची बुगाटी टाइप ५९ होती, अंगावरचा झिजलेला काळा रंग तसाच ठेवलेली. मला त्या निकालाने मनापासून आनंद झाला.

भाग बदलत गेले तर गाडी तीच राहते का, हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मान्स जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली विकण्याचा करार झाला आणि खरेदीदाराने ती खरी नसल्याचा दावा केला. शर्यतीच्या वेळचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल दिला, की सगळे भाग मूळचे नसले तरी गाडी अस्सल आहे, कारण ती एकदाही मोडीत निघून पुन्हा जन्मलेली नाही. बदल होत गेले आणि तिचा इतिहास सलग राहिला. नव्या अभ्यासकाने हा निकाल जरूर समजून घ्यावा. सलगता सिद्ध झाली ती कागदपत्रांच्या आणि साक्षीदारांच्या जोरावर. नोंद नसती तर उरले असते ते नुसते भाग.

आता प्रत्यक्ष पत्र्याकडे येऊ. ई-टाइपच्या मधल्या भागाला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटीच सगळा भार घेते. पुढे इंजिन तोलणारी सडपातळ नळ्यांची चौकट त्या पेटीच्या भिंतीला बोल्टने जोडलेली आहे. दारांखालून जाणारे दोन सिल हा या पेटीचा कणा, आणि गंज नेमका तिथेच आतून लागतो. बाहेरून रंग तुकतुकीत असतो. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून हळूहळू फिरवत न्यावे. जिथे ते पत्रा धरायचे सोडते, तिथे खाली लांबी भरलेली असते, कधी बोटभर जाडीची. मात्र चुंबक सुटले म्हणजे कोणीतरी लबाडी केली, असे लगेच समजू नये. कारखान्यातही काही जोडांवर शिसे वितळवून भरत आणि घासून एकसारखे करत. शिसे आणि लांबी यांतला फरक रंगाचा छोटासा चौकोन टप्प्याटप्प्याने घासला की कळतो: वरचा रंग, त्याखाली आधीचा, मग प्रायमर, आणि शेवटी एकतर करडा, मऊ, चकाकणारा धातू किंवा भुसभुशीत भुकटी. त्याच चौकोनात गाडीचा पहिला रंगही सापडतो. तो प्रमाणपत्राशी जुळवून पाहावा, फोटो काढावा, आणि शक्य तर तो चौकोन दिसणार नाही अशा जागी कायमचा राखावा.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार वेल्ड करावे लागतात. दोन्ही सिल आधाराशिवाय एकदम काढले तर पेटी मधोमध बसते, विशेषतः उघड्या टपाच्या गाडीत, आणि मग दार आयुष्यभर नीट लागत नाही. म्हणून अनुभवी पत्रेवाला नवे सिल नुसत्या टॅकवर धरतो, दार बसवून पाहतो, बंद करून पाहतो, फट मोजतो, आणि समाधान झाल्यावरच पक्के वेल्डिंग करतो. या कामात घाईला जागा नाही. पुढच्या नळ्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्या आतून गंजतात, बॅटरीतले आम्ल सांडले तर शेजारची नळी आधी जाते, आणि त्यांच्यावर पॅच मारणे धोक्याचे असते. गंजलेली चौकट बदलावी. अस्सलपणाच्या प्रेमापोटी माणसाचा जीव टांगणीला लावू नये.

सुधारणांबाबत माझी मते ठाम आहेत आणि ती इथे मोकळेपणाने मांडतो. ब्रेक सुधारायला मी क्षणभरही कचरत नाही. ३.८ च्या ब्रेकना जोर देणारी मूळ यंत्रणा आजच्या रहदारीत तोकडी पडते. मागच्या डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शिअलला लागून आत आहेत. चाकांवरचे वजन कमी ठेवण्याची ती सुंदर कल्पना आहे, पण त्या उष्णतेने ऑइल सील कडक होतात, तेल पाझरते आणि थेट डिस्कवर येते. इथे मांडणी तीच ठेवून चांगले सील आणि चांगले कॅलिपर बसवावेत. इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मला आदर्श सुधारणा वाटते: ते डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली बसते, बाहेरून दिसत नाही, थोड्या वेळात निघते आणि जुने पॉइंट हत्यारांच्या पिशवीत राहतात. रेडिएटर मूळ आकारातच, पण अधिक क्षमतेचा, आणि पंख्याची मोटर दमदार घ्यावी. आपल्या उन्हात आणि सिग्नलवरच्या खोळंब्यात याला पर्याय नाही. एसयू एचडी ८ कार्ब्युरेटरमध्ये रबरी पडदे असतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या धाटणीच्या रबराला खाते, आणि भारतात आता २० टक्के मिश्रण सर्वत्र आहे. त्यामुळे पडदे, पाइप आणि गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेणे ही इथे निवड उरत नाही.

गिअरबॉक्सबाबत मात्र थांबावे. ३.८ च्या जुन्या मॉस गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. तो घरघरतो आणि घाई केली की दात खातो. पाच गिअरचा आधुनिक बॉक्स टाकला तर हमरस्त्यावर इंजिन शांत फिरते, हे खरे आहे. तरीही मालकाने निदान एक हिवाळा मूळ बॉक्सवर गाडी चालवावी, क्लच दोनदा दाबून गिअर टाकायला शिकावे. १९६१ मध्ये ही गाडी वेगात चालवणे म्हणजे काय होते, हे त्या हातालाच कळते. त्यानंतरही बदलायचे ठरले तर पत्रा न कापता मूळ माउंटिंगवर बसणारा बॉक्स निवडावा आणि मॉस तेल लावून, गुंडाळून ठेवावा.

सगळ्यात तीव्र वाद विजेवरचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये जॅग्वारनेच इलेक्ट्रिक ई-टाइप दाखवली आणि मे २०१८ मध्ये ब्रिटिश राजपुत्र हॅरीच्या लग्नात ती साऱ्या जगाने पाहिली. बॅटरीची पेटी मूळ इंजिनाच्या मापाची होती, म्हणजे मनात आले तर एक्सके इंजिन परत बसू शकते. फिवाने अशा गाडीला ऐतिहासिक वाहन मानायला नकार दिला, आणि त्याच वेळी सांगितले की बदल परत फिरवता येण्याजोगे असावेत व मूळ भाग खुणा करून सांभाळून ठेवावेत. मला ही भूमिका पटते. त्या इंजिनाच्या आवाजाशिवाय गाडीचा अर्धा इतिहास मुका होतो. पण इंजिन कोपऱ्यात जपलेले असेल, तर पुढच्या पिढीसाठी दार उघडे राहते.

भारतात काम करणाऱ्याने कायदाही ध्यानात ठेवावा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठी उलथापालथ न झालेली गाडी तिच्यात बसते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात भरीव बदल केलेल्या गाडीला ही वाट सहज मोकळी होणार नाही. आज उत्साहाने कापलेला पत्रा उद्या आरटीओत आडवा येऊ शकतो. जुन्या आणि नव्या भागांचे फोटो, बिले आणि क्रमांकांचे ठसे असलेली वही तिथेही उपयोगी पडते.

पहिले प्रकरण बोनेट उतरवण्याचे आहे. हे बोनेट जवळजवळ गाडीच्या निम्म्या लांबीचे असते, म्हणून काम दोघांचे आहे. आधी दिव्यांचे प्लग सोडवून प्रत्येक तारेला चिठ्ठी लावायची, बिजागरीच्या बोल्टांभोवती खुणा करायच्या, चारही कडांच्या फटी मोजून वहीत उतरवायच्या. वही कोरी आणि जाड घ्यावी.