बोरघाट : काम कंपनीचे, मजूर कंत्राटदाराचे, मरण कोणाचे?

बोरघाटातील रेल्वेमार्गाचे आकडे इतिहासप्रेमींना पाठ असतात : सुमारे २५ किलोमीटरची चढण, २५ बोगदे, २१ एप्रिल १८६३ रोजी उद्घाटन. त्या कामावरील माणसांच्या जिवाची जबाबदारी कोणाकडे होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गंमत अशी, की घाटात पहिली सुरुंगाची दारू ठासली जाण्यापूर्वी दहा वर्षे इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर लिहून झाले होते. म्हणून आधी तिकडे जाऊ.

शेफील्ड व मँचेस्टर जोडणाऱ्या मार्गावर वुडहेड येथे १८३९ ते १८४५ या काळात सुमारे तीन मैलांचा बोगदा खोदला गेला. त्यात ३२ मजूर दगावले आणि सुमारे १४० गंभीर जखमी झाले. सुरुंगाच्या भोकात दारू ठासण्यासाठी लोखंडी कांब वापरत. ती खडकावर घासली, की ठिणगी उडे. तांब्याची कांब आणि सावकाश जळणारी सुरक्षित वात, दोन्ही तेव्हा उपलब्ध होत्या. १८४६ मध्ये संसदीय समितीने त्या वातीविषयी विचारले, तेव्हा कामावरील सहायक अभियंत्याने शांतपणे सांगितले, की तिच्यामुळे जे काही जीव वाचतील त्यांच्यासाठी एवढा वेळ दवडावा अशी शिफारस आपण करणार नाही. हे बोलणारा कोणी पैशाला हपापलेला पोटकंत्राटदार नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

एडविन चॅडविक यांचा युक्तिवाद साधा होता. कामाची किंमत आणि मुदत रेल्वे कंपनी ठरवते. तेव्हा अपघाताचा खर्चही तिच्यावरच पडला, तर काळजी आपोआप घेतली जाईल. समितीने तशी शिफारसही केली. संसदेने तिच्यावर चर्चादेखील केली नाही.

आता घाटात येऊ. १८५६ मध्ये काम सुरू झाले. काम करवून घेणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, कंत्राटदार विल्यम फेव्हिएल, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि तळाशी हजारो मजूर. भागधारकांच्या पाच टक्के परताव्याला सरकारची हमी होती. मजुराला तशी हमी कोणाचीच नव्हती. कड्यावर दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावी लागत, आणि खाली झोपड्यांत पटकीची साथ पसरे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली व फेव्हिएलने कंत्राट सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला; ते कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने पुरे करून घेतले. (तिच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.) जानेवारी १८६१ मध्ये कामावर ४२,००० माणसे होती. एकूण मृत्यूंचा इतिहासकार इयान केर यांचा अंदाज सुमारे २५,००० चा आहे. अंदाजच, कारण कंत्राटात घनफूट मोजले जात, माणसे नव्हेत.

दंगलीनंतर सरकार हलले नाही असे नाही. १८६० मध्ये रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्याचा कायदा झाला. पण त्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही होती, आणि सुरुंग, दोर, झोपड्या यांविषयी काहीच नव्हते.

चॅडविकचा मुद्दा कायद्यात पुरता यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९९२ चा युरोपीय निर्देश आणि त्यावरून ब्रिटनमध्ये झालेले १९९४ चे नियम यांनी काम करवून घेणाऱ्यालाच बांधून घेतले : आरोग्य व सुरक्षेचा आराखडा निविदेच्या आधीच सुरू करायचा, मुख्य कंत्राटदाराने तोच पुढे वाढवायचा, आणि तो तयार झाल्याशिवाय पहिली कुदळ मारू द्यायची नाही. मालकाचा एक कागद व कंत्राटदाराचा दुसरा, ही सोयीची फारकत त्यामुळे अवघड झाली.

भारतात १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या ४५ व्या कलमाने ठरवले, की मृत्यू वा अपंगत्वाची भरपाई कंत्राटदाराने बुडवली, तर ती काम करवून घेणाऱ्या मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची.