पदवीविना इलेक्ट्रॉनिकी : अमेरिकी नौदलातील तंत्रज्ञ-व्यवसायाची जडणघडण

प्रस्तावना :

लष्करातील इलेक्ट्रॉनिकी आणि संगणक यांचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि शास्त्रज्ञांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रडार कोणी शोधले, पहिला संगणक कोठे उभा राहिला, या प्रश्नांची चर्चा विपुल झाली आहे. परंतु ही यंत्रे आगबोटीवर, खाऱ्या हवेत, रात्रंदिवस चालती ठेवणारा सामान्य तंत्रज्ञ कोठून आला, त्याला कोणी शिकवले आणि त्याच्या कामाला व्यवसायाचे रूप कसे आले, याकडे इतिहासाचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने उभारलेल्या इलेक्ट्रॉनिकी प्रशिक्षण योजनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पदवी आणि कौशल्य यांचे नाते काय, हा आजच्या महाविद्यालयीन अध्यापकांसमोरील प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी : यंत्र होते, मनुष्यबळ नव्हते

७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी हवाई बेटांतील ओपाना येथील लष्करी रडार केंद्रावर जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज इलियट हे दोन सैनिक होते. नेमून दिलेली वेळ संपली होती. तरीही इलियट यांना सराव मिळावा म्हणून यंत्र चालू ठेवण्यात आले. सुमारे १३० मैलांवरून विमानांचा मोठा जथा येत असल्याचे त्यांना दिसले व त्यांनी तसे कळविले. मात्र माहिती-केंद्रावरील अधिकाऱ्याला ती आपलीच बॉम्बफेकी विमाने वाटली आणि सूचनेकडे दुर्लक्ष झाले. त्यानंतर तासाभराच्या आतच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. यंत्राने आपले काम चोख केले होते. उणीव होती ती यंत्राची भाषा समजणाऱ्या माणसांच्या सुसज्ज व्यवस्थेची.

नौदलाची अडचण याहून मोठी होती. वॉशिंग्टन येथील नौदल संशोधन प्रयोगशाळेच्या परिसरात १९२४ पासून रेडिओ-सामग्रीची शाळा चालत असे, पण तेथे प्रवेश मिळे तो मोजक्या अनुभवी नौसैनिकांना. आता शेकडो जहाजांवर रडार बसणार होते आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी पदवीधर अभियंते पुरेसे मिळणे शक्य नव्हते.

एडी चाचणी आणि श्रेणीबद्ध अभ्यासक्रम :

या अडचणीतून मार्ग काढण्यात विल्यम क्रॉफर्ड एडी (१९०२–१९८९) यांचा मोठा वाटा आहे. नौदल अकादमीचे पदवीधर असलेले एडी पाणबुडी दलात अधिकारी होते. श्रवणदोषामुळे १९३४ मध्ये त्यांना निवृत्त व्हावे लागले. पुढे ते दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात गेले आणि शिकागो येथे एका प्रायोगिक केंद्राची उभारणी करू लागले. पर्ल हार्बरनंतर त्यांनी हे केंद्र प्रशिक्षणासाठी नौदलाला देऊ केले. १९४२ च्या आरंभी तेथे वर्ग सुरू झाले. ज्याला सेवेतून बाहेर पडावे लागले, त्यानेच हजारो तरुणांना त्या सेवेत व्यवसाय मिळवून दिला.

निवडीसाठी जी परीक्षा घेतली जाई ती एडी चाचणी या नावाने प्रसिद्ध झाली. गणित, भौतिकशास्त्र आणि विजेची मूलतत्त्वे यांवर तिचा भर असे. उमेदवाराने कोठे शिक्षण घेतले यापेक्षा तो पुढे काय शिकू शकेल, याचा अंदाज घेणे हा तिचा हेतू होता. चाचणी उत्तीर्ण होणाऱ्यास नौसैनिकाची वरची श्रेणी मिळे आणि त्यानंतर सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण सुरू होई.

या प्रशिक्षणाची रचना लक्षणीय आहे. पूर्वतयारीच्या वर्गात गणिताची कसून उजळणी होई आणि पुष्कळजण तेथेच गळत. पुढील प्राथमिक टप्प्यात विद्युतमंडल, निर्वात नलिका, ग्राहक व प्रक्षेपक यंत्रे यांचे सिद्धान्त शिकवले जात. या टप्प्यासाठी नौदलाने ग्रोव्ह सिटी कॉलेज, ह्यूस्टन विद्यापीठ यांसारख्या नागरी शिक्षणसंस्थांची मदत घेतली. गुप्ततेत राखलेली प्रत्यक्ष रडार यंत्रे विद्यार्थ्याच्या हाती येत ती वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्कोजवळील ट्रेझर आयलंड आणि टेक्सासमधील वॉर्ड आयलंड येथील शेवटच्या टप्प्यात. म्हणजे सिद्धान्त आधी आणि यंत्र नंतर, असा हा क्रम होता. विशिष्ट यंत्राची कळ दाबायला शिकलेला माणूस ते यंत्र बदलताच निरुपयोगी होतो. मंडलाचे तत्त्व समजलेला माणूस नव्या यंत्रापुढेही उभा राहू शकतो. हे सूत्र या योजनेच्या मुळाशी होते.

पाठ्यसामग्रीचीही वाट नव्याने काढावी लागली. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेले विद्युत व रेडिओ कामगारांसाठीचे गणित या विषयावरील नेल्सन कूक यांचे पुस्तक या संदर्भात उल्लेखनीय आहे. कूक स्वतः नौदलातील साध्या पदांवरून वर आलेले शिक्षक होते.

पदनामांतून दिसणारा इतिहास :

नौदलात प्रत्येक नौसैनिकाला त्याच्या व्यवसायानुसार ‘रेटिंग’ म्हणजे पदनाम मिळते. १९४२ मध्ये ‘रेडिओ तंत्रज्ञ’ हे पदनाम अस्तित्वात आले, १९४५ मध्ये ते ‘इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञ सहायक’ असे झाले आणि १९४८ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ’ असे स्थिरावले. रेडिओ हे एका यंत्राचे नाव होते, तर इलेक्ट्रॉनिकी हे विद्येचे. सहा वर्षांतील या बदलातून यंत्राची देखभाल करणाऱ्याचे विद्येच्या अभ्यासकात झालेले रूपांतर दिसते. १९६० च्या दशकाच्या आरंभी युद्धनौकांवर अंकीय संगणकावर आधारलेली सामरिक माहिती-प्रणाली बसू लागली, तेव्हा ‘डेटा सिस्टिम्स तंत्रज्ञ’ असे स्वतंत्र पदनाम निर्माण झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा इतर पदनामांत विलीन करण्यात आले, कारण तोवर संगणक ही वेगळी वस्तू न राहता प्रत्येक यंत्राचा भाग बनला होता.

सेवेबाहेरील परिणाम :

२२ जून १९४४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने निवृत्त सैनिकांना उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळाले आणि सुमारे २२ लाख सैनिकांनी महाविद्यालयांत व विद्यापीठांत प्रवेश घेतला. प्रशिक्षित तंत्रज्ञांना पदवीकडे जाण्याची वाट त्यामुळे खुली झाली. डग्लस एंगेलबार्ट यांचे उदाहरण बोलके आहे. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते नौदलात रडार तंत्रज्ञ झाले. १९४५ मध्ये फिलिपिन्समधील लेयटे बेटावर रेडक्रॉसच्या वाचनालयात त्यांनी व्हॅनेव्हर बुश यांचा माहिती-संघटनाविषयीचा लेख वाचला. परतल्यावर १९४८ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली. ९ डिसेंबर १९६८ रोजी त्यांनी माऊससह परस्परसंवादी संगणनाचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्याची वैचारिक पूर्वपीठिका रडारच्या पडद्यावर आकृत्या पाहण्याच्या त्या अनुभवात होती, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे.

मर्यादा :

तथापि या योजनेचे गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. जून १९४२ पर्यंत कृष्णवर्णीय तरुणांना अमेरिकी नौदलात प्रवेश मिळे तो केवळ भोजनगृहातील सेवकवर्गात. सशस्त्र दलांत समान वागणुकीचा आदेश निघण्यास १९४८ साल उजाडले. स्त्रियांबाबतही तोच अनुभव आहे. येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट असलेल्या ग्रेस हॉपर यांना वय आणि कमी वजन यांमुळे विशेष सवलत घेऊनच नौदलात प्रवेश मिळाला. अमेरिकी सैन्याच्या ‘एनिअॅक’ संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या सहा स्त्रियांचे काम तर ‘उपव्यावसायिक’ वर्गात गणले गेले. क्षमतेची कसोटी लावणाऱ्या व्यवस्थेने कसोटीला बसण्याचा अधिकारच सर्वांना दिला नव्हता.

भारतीय संदर्भ आणि निष्कर्ष :

त्याच युद्धाने आपल्याकडेही अशा संस्था निर्माण केल्या. जामनगर येथील ‘वलसुरा’ ही नौदल संस्था १९४२ मध्ये टॉर्पेडो प्रशिक्षणासाठी स्थापन झाली आणि पुढे नौदलाच्या विद्युत प्रशिक्षणाचे केंद्र बनली. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये नेमलेल्या भाभा समितीने देशाच्या इलेक्ट्रॉनिकीविषयक गरजांचा विचार केला. २०२२ मध्ये अग्निपथ योजनेबरोबरच, अग्निवीरांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाला पदवीचे निम्मे श्रेयांक देणारा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रमही जाहीर झाला.

श्रेयांक देणे ही प्रशासकीय बाब आहे, पण ते कशासाठी द्यावेत हा शैक्षणिक प्रश्न आहे. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, १९४२ ची योजना यशस्वी झाली ती पदवीची अट काढून टाकल्यामुळे नव्हे, तर पदवीच्या जागी गणिताचा भक्कम पाया, सिद्धान्ताचा क्रमबद्ध अभ्यास आणि कठोर मूल्यमापन ठेवल्यामुळे. प्रशिक्षणात हा पाया असेल तर श्रेयांक हा सैनिकाचा हक्क ठरतो. नसेल तर तेवढ्या जागेवर पदवी पोकळ राहते आणि सेवेतून परतलेल्या तरुणाचीच त्यात फसगत होते. तो पाया आहे की नाही हे पाहण्याचे उत्तरदायित्व लष्कराइतकेच महाविद्यालयीन अध्यापकांचेही आहे.