गुर्लहोसूर ते सुळेभावी : बेळगावच्या संगीत-परंपरेचा मागोवा

सौंदत्तीच्या रट्ट राजांनी आपली राजधानी वेणुग्रामास आणली, तेव्हापासून बेळगावच्या इतिहासाला स्पष्ट आकार येऊ लागतो. किल्ल्यातील कमलबस्ती ही त्या काळाची साक्ष. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली हे जिनालय उभारले. त्याच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ आजही पाहणाराची मान वर खिळवून ठेवते. तत्कालीन शिलालेखांत येथील पेठेचे वर्णन आहे, आणि तीत लाट व मलयाळ या दूरच्या देशांतील व्यापाऱ्यांचाही उल्लेख येतो. वेणु म्हणजे कळक, आणि वेणु म्हणजे बासरीही. तेव्हा या नगराच्या नावातच संगीत आहे अशी कोटी कोणी केल्यास ती क्षम्य मानावी. इतिहासाने मात्र तिच्यावर विसंबू नये.

पुढे महमूद गवानाची स्वारी, विजापूरकरांचा अंमल, मराठेशाही आणि १८१८ साली इंग्रजांनी घेतलेला किल्ला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८३६ साली धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला, छावणी वाढली, कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर कारकून आले. मराठी रंगभूमीचे ऋण या कारकुनांकडे जाते, कारण त्यांपैकी एकाचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर असे होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी सौंदत्ती परिसरातील गुर्लहोसूर या गावी झाला. घरात मराठी व गावात कानडी अशा वातावरणात ते वाढले. नाटकाच्या नादाने इंग्रजी शिक्षण अर्धवट राहिले. पुढे बेळगावात काही काळ शिक्षकी व नंतर सरकारी नोकरी त्यांनी केली. ज्या वर्षी त्यांचा जन्म झाला, त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले होते, आणि भाव्यांना ती प्रेरणा मिळाली होती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळावरून. म्हणजे मराठी नाटकाच्या पहिल्या पायरीलाच कानडी हात लागलेला होता. दुसऱ्या पायरीच्या वेळीही तसेच घडले, पण त्याची जाणीव मराठी नाट्येतिहासात व्हावी तितकी झालेली दिसत नाही.

१८६६ साली अण्णासाहेबांनी भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. १८७३ च्या सुमारास त्यांनी 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटक लिहिले. ज्याच्या नावाने पुढे संगीत नाटक ओळखले जावे, त्याने प्रथम आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर पदांवाचून नाटक रचावे, ही गोष्ट मठाच्या भक्तमंडळींना विशेष कुतूहलाची वाटेल. संगीताचे पर्व उगवले ते पुण्यात. पारशी मंडळींचे गाण्याचे नाटक पाहून अण्णासाहेबांच्या मनाने उचल खाल्ली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले.

या नाटकांनी नवीन काय केले? भाव्यांच्या खेळात गाणारा सूत्रधार. पात्रे त्याच्या गाण्यावर हावभाव करीत आणि मग आपले भाषण म्हणत. किर्लोस्करांनी पद पात्राच्या तोंडी दिले. शकुंतलेचे दुःख शकुंतलेनेच गायचे, हा बदल वरवर लहान, पण त्यामुळे नटाला गवई व्हावे लागले आणि गवयाला नट. पदांची संख्या मोठी. 'शाकुंतला'त ती दोनशेच्या आसपास जाते. इतक्या पदांना चाली आणायच्या कोठून? साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनातून कानी पडलेली वृत्ते हाताशी होती, लावणी होती, हिंदुस्थानी राग होते, आणि गुर्लहोसूरच्या मुलाच्या कानात बालपणापासून साठलेल्या कानडी चाली होत्या. 'सौभद्रा'तील पुष्कळ पदे कर्नाटकी चालींवर बांधलेली आहेत. पुण्याच्या प्रेक्षकाने त्या चाली आपल्याच म्हणून स्वीकारल्या, आणि आज मराठी घरांत त्या गुणगुणताना त्यांचे माहेर कोणाच्या ध्यानीही येत नाही.

त्या माहेराची ओळख थोडी करून घ्यावी. बेळगाव-विजापूर भागात 'श्रीकृष्णपारिजात' हा खेळ रात्रभर चालत असे. गोकाक तालुक्यातील कुलगोड तम्मण्ण याने त्याला घाट दिला, आणि कौजलगी निंगम्मा हिने पुढे त्याला कीर्ती मिळवून दिली. सत्यभामेचा रुसवा, कृष्णाची चतुराई, संवादातून सहज पदात शिरण्याची रीत, हे सारे ज्याने 'सौभद्र' पाहिले आहे त्याला परके वाटणार नाही. एकावरून दुसरे उचलले असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल; दोन्ही खेळांना एकाच मातीचा ओलावा मिळाला, एवढे निश्चित म्हणता येते.

अण्णासाहेबांना आयुष्य थोडे लाभले. 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच त्यांचा देहान्त झाला. पण बेळगावच्या शाळेत त्यांचा एक विद्यार्थी होता, गोविंद बल्लाळ देवल. 'मृच्छकटिक', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' ही त्याची नाटके पाहता गुरूची विद्या वाया गेली नाही असेच म्हणावे लागते. किर्लोस्कर घराण्यातील दुसरे पुरुष लक्ष्मणराव हेही मूळचे गुर्लहोसूरचे. त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान व मग लोखंडी नांगरांचा कारखाना चालविला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. एकाच लहान गावाने नाटक आणि नांगर दोन्ही द्यावेत, हा योग विरळा.

घेणे-देणे एकतर्फी मुळीच नव्हते. मराठी कंपन्या कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव या रस्त्याने धारवाड-हुबळीकडे उतरत. आगगाडी आली ती मिरज, घटप्रभा, पाच्छापूर अशी. निपाणी तिच्या वाटेवर आली नाही, आणि ती तंबाखूची पेठ सडकेच्याच आधाराने वाढली. या दोन्ही वाटांनी नाट्यसंगीत दक्षिणेकडे गेले व कानडी कंपन्यांनी ते उत्साहाने उचलले. मल्लिकार्जुन मन्सूर बालवयात वामनराव मास्तरांच्या कानडी कंपनीत होते. तेथे त्यांचे गाणे ऐकून मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठ यांनी त्यांना शिष्य करून घेतले. सौंदत्ती तालुक्यातीलच एणगी येथे १९१४ साली जन्मलेले बाळप्पा यांनी कानडी रंगभूमीची सेवा करीत शंभरी ओलांडली. २०१७ साली ते निवर्तले.

१९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी अहोरात्र खपून विजयनगर नावाची तात्पुरती नगरीच उभी केली. पाण्यासाठी विहीर खोदली, तिला पंपासरोवर म्हटले. ती विहीर टिळकवाडीत अजून आहे. (या उपनगराला कोणी ठळकवाडी म्हणतो, कोणी टिळकवाडी, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.) अधिवेशनात हुइलगोळ नारायणरायांचे कन्नड नाडाचे गीत प्रथम गायिले गेले. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती, गंगुबाई हनगल. गांधीजींसमोर गाण्याचे दडपण तिला नव्हते. तिला भीती वाटत होती ती वेगळीच : आपण गाणाऱ्या जातीतील, तेव्हा जेवणानंतर आपल्याला उष्ट्या पत्रावळी उचलावयास तर सांगणार नाहीत ना? पुढे मोठेपणी त्यांनी स्वतःच ही आठवण सांगितली आहे. ज्या मंडपात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव व भाषणे होत होती, त्याच मंडपात एका गुणी बालिकेच्या मनात ही धास्ती होती, हे विसरता कामा नये. गंगुबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका. अब्दुल करीमखाँसाहेब त्यांचे गाणे ऐकावयास येत. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीवर परिणाम होऊ नये म्हणून त्या माउलीने आपले गाणेच थांबविले. संगमाचे कौतुक करताना कोणी काय सोडले, त्याचीही नोंद ठेवावी लागते.

१९२९ हे वर्ष बेळगावच्या दृष्टीने मोठे गमतीचे. त्या एकाच वर्षी येथे मराठी साहित्य संमेलन शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली आणि कन्नड साहित्य संमेलन मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढे १९४६ च्या मराठी संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या वादाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. बाजारातील बोली मात्र दोन्हीकडून देत-घेत राहिली. 'येऊलालो', 'जाऊलालो' ही बेळगावी रूपे पुणेकराला चमत्कारिक वाटतात, पण 'बरलिक्कत्तेन' म्हणणाऱ्या धारवाडकराला त्यांची घडण तत्काळ उमगते. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापक म्हणून येथे होते. या दुभाषी बोलीचा रांगडा गोडवा त्यांनी 'गणगोता'तील 'रावसाहेबां'च्या चित्रणात अमर करून ठेविला आहे.

या परंपरेचा पूर्ण उत्कर्ष पाहावयाचा तर बेळगावाबाहेर सुळेभावीस गेले पाहिजे. अधिवेशनाच्याच वर्षी, ८ एप्रिल १९२४ रोजी, तेथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. वडिलांना गाण्याचा नाद. मुलगा ध्वनिमुद्रिका ऐके आणि थोरथोर गवयांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवी. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास एका मठाच्या स्वामींनी ते गाणे ऐकून त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. सरकार-दरबार, संस्थान, विद्यापीठ यांपैकी कोणाच्याही आधी गुण ओळखला तो मठाने. मूळचे नाव मागे पडले आणि स्वामींनी दिलेलेच जगभर झाले.

पुढे मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिक्षण, मग क्षयाचा दुर्धर आजार, माळव्यात देवासला वर्षानुवर्षांची सक्तीची शांतता, आणि तीतून बाहेर पडल्यावर माळवी लोकगीतांचे व कबीराच्या निर्गुणी भजनांचे ते गाणे. मातृभाषा कानडी, शिक्षण मराठी मुलखात, वास्तव्य हिंदी प्रांतात. त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सादर केला, तेव्हा किर्लोस्करांच्या मंडळीत वाढलेले नाट्यसंगीत सुळेभावीच्या कंठातून पुन्हा मराठी श्रोत्यांपुढे आले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांनी देह ठेविला. मिरजेकडून बेळगावास येणाऱ्या आगगाडीला बेळगाव गाठण्यापूर्वी सुळेभावी हे स्थानक लागते.