मालिन्चे : एका हाकेची कुळकथा

मेक्सिकोवर चालून गेलेल्या स्पॅनिश मोहिमेचा सेनापती एर्नान कोर्तेस याला तेथील लोक 'मालिन्चे' म्हणत, आणि हे नाव मुळात त्याच्या दुभाषी स्त्रीचे होते. जेत्याने दुभाषिणीच्या नावाने ओळखले जावे, हा प्रकार इतका विलक्षण आहे की त्या नावाची घडण बारकाईने तपासणे भाग पडते.

मोहिमेची हकिगत सर्वपरिचित आहे. १५१९ मध्ये ताबास्कोच्या किनाऱ्यावर मेल्चोर हा माया दुभाषी अंगावरचे स्पॅनिश कपडे झाडाला टांगून पळून गेला. मात्र १५११ मध्ये जहाज फुटल्यापासून माया लोकांत राहिलेला हेरोनिमो दे आगिलार तत्पूर्वीच कोर्तेसला येऊन मिळाला होता, आणि पराभूत ताबास्कोकरांनी नजर केलेल्या वीस स्त्रियांपैकी एकीला माया व नावात्ल (अस्तेक राज्याची भाषा) या दोन्ही भाषा येत होत्या. तिचा बाप्तिस्मा करून 'मारिना' असे नाव ठेवण्यात आले. अस्तेक राजा मोक्तेसुमाच्या वकिलांचे बोलणे ती मायात सांगे आणि आगिलार ते स्पॅनिशमध्ये सांगे. पुढे ती स्वतःच स्पॅनिश शिकली.

नावात्लमध्ये 'र' नसल्यामुळे 'मारिना'चे 'मालिना' झाले आणि त्याला मराठीतील 'जी'सारखा 'त्सिन' हा आदरार्थी प्रत्यय लागून 'मालिन्त्सिन' बनले. तिचे मूळ नाव 'मालिनाल्ली', म्हणजे अस्तेक पंचांगातील गवताचा दिवस, असावे आणि त्यावरूनच 'मारिना' सुचले असावे, हे मत लोकप्रिय आहे. परंतु बाप्तिस्मा देताना स्पॅनिश धर्मगुरू मूळ नावाशी ध्वनिसाम्य साधत बसत, असे मानण्यास आधार नाही.

खरा वाद 'मालिन्चे'मधील शेवटच्या 'ए'चा आहे. एका पक्षाच्या मते हा स्वामित्वदर्शक प्रत्यय असून 'मालिन्त्सिने' म्हणजे 'मालिन्त्सिनचा धनी'. कोर्तेसला हे नाव का पडले याचा उलगडा त्यातून सहज होतो, आणि 'मारिनाचा कप्तान' हा बेर्नाल दियास देल कास्तियो या मोहिमेतील सैनिकाने दिलेला अर्थही त्याच्याशी जुळतो. दुसऱ्या पक्षाच्या मते हा संबोधनाचा प्रत्यय आहे. नावात्लमध्ये पुरुष हाक मारताना नामाच्या शेवटी 'ए' लावतात, आणि वकील व सरदार तिलाच उद्देशून बोलत असल्याने स्पॅनिशांच्या कानी वारंवार पडले ते हेच रूप.

निर्णायक पुरावा मात्र दियासनेच, जाता जाता, नोंदवून ठेवला आहे. हुआन पेरेस दे आर्तेआगा नावाचा एक स्पॅनिश माणूस तिथली भाषा शिकण्यासाठी सदैव मारिना व आगिलार यांच्यासोबत वावरे, म्हणून त्यालाही लोक 'मालिन्चे' म्हणू लागले. आर्तेआगा तिचा धनी नव्हता, कप्तानही नव्हता. तिच्याजवळ असणे एवढेच त्याला पुरले. तेव्हा स्वामित्वाची उपपत्ती येथे लंगडी पडते आणि संबोधनाची टिकते: हाक तिला मारली जात होती, आणि तिच्या शेजारी जो उभा असेल त्याला ती चिकटली, मग तो सेनापती असो वा भाषेचा विद्यार्थी.