सी प्रोग्राम एक्सएमएल फाइल कशी वाचतो? टॅग ओळखणं सोपं, पण थांबायचं कुठे हे कळणं महत्त्वाचं!

वर्डमध्ये टाइप केलेला अर्ज, टॅलीतून दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी काढलेल्या नोंदी आणि आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट वापरली जाते, ती म्हणजे एक्सएमएल.

तुम्हाला ही फाइल स्वतः उघडून वाचावी लागत नाही. ते काम एक प्रोग्राम करतो. फाइलमधला मजकूर वाचून त्यातली माहिती वेगळी करण्याच्या या कामाला ‘पार्सिंग’ म्हणतात आणि ते करणाऱ्या प्रोग्रामला ‘पार्सर’. वेग हवा असतो म्हणून कित्येक पार्सर आजही सी या भाषेत लिहिलेले असतात. सी ही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी तयार केलेली भाषा.

हे काम वरवर सोपं दिसतं. पण त्यात झालेल्या एका छोट्या चुकीमुळे २०१७ मध्ये लोकांची खासगी माहिती इंटरनेटवर सांडली होती. ते कसं घडलं, हे समजण्यासाठी आधी पार्सर काय करतो ते पाहूया.

एक्सएमएल म्हणजे नेमकं काय?

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती प्रमाणित केली. कल्पना साधी आहे. प्रत्येक माहितीला दोन्ही बाजूंनी लेबल लावायचं. या लेबलांना टॅग म्हणतात. टॅगची नावं मराठीतही ठेवता येतात. उदाहरणार्थ,

<ऑर्डर>
<ग्राहक>सुनीता</ग्राहक>
<माल>बाजरी</माल>
</ऑर्डर>

तिरका डॅश नसलेला टॅग म्हणजे सुरुवात आणि तिरका डॅश असलेला म्हणजे शेवट. जो टॅग शेवटी उघडला, तो आधी बंद झाला पाहिजे, हा यातला कडक नियम.

पार्सर फाइल कशी वाचतो?

माणूस वरची ऑर्डर एका नजरेत वाचतो. सी प्रोग्रामला मात्र समोर फक्त बाइट्सची लांबलचक रांग दिसते. तो एकेक बाइट घेतो आणि आपण सध्या कुठे आहोत हे लक्षात ठेवतो.

१. साध्या मजकुरात असताना ‘<’ हे चिन्ह आलं, की टॅग सुरू झाला असं तो समजतो.
२. पुढे तिरका डॅश असेल तर हा बंद होणारा टॅग. नसेल तर उघडणारा.
३. ‘>’ आलं की टॅग संपला आणि पुन्हा मजकूर सुरू.

उघडलेल्या टॅगची नावं तो ताटांच्या चळतीसारखी एकावर एक रचतो. बंद होणारा टॅग आला की सगळ्यात वरचं ताट उचलून नाव जुळतं का ते पाहतो. जुळलं नाही तर फाइल चुकीची. फाइल संपली तरी चळतीत ताटं उरली असतील, तरीही चुकीचीच.

इथे एक खाचखळगा आहे. अवतरण चिन्हांमध्ये लिहिलेल्या माहितीत ‘>’ हे चिन्ह चालतं. त्यामुळे ‘पहिलं ‘>’ दिसलं की टॅग संपला’ असं धरणारा घाईघाईने लिहिलेला पार्सर तिथे फसतो.

मराठी नाव आणि छोटा डबा

सी भाषेत मजकूर ठेवायला आधी जागा राखून ठेवावी लागते. या जागेला बफर म्हणतात. समजा, प्रोग्रामरने ग्राहकाच्या नावासाठी १० बाइट्सचा बफर ठेवला. इंग्रजी लिपीत ‘सुनीता’ लिहिलं तर सहा अक्षरांचे ६ बाइट्स आणि ‘मजकूर इथे संपला’ सांगणारा शून्याचा १ बाइट, असे ७ बाइट्स पुरतात.

हेच नाव देवनागरीत लिहिलं की हिशोब बदलतो. आपल्याला ‘सुनीता’मध्ये तीन अक्षरं दिसतात. पण संगणक स, न, त आणि तीन मात्रा अशा सहा खुणा वेगवेगळ्या मोजतो. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक खुणेला ३ बाइट्स लागतात. म्हणजे १८ बाइट्स, अधिक शेवटचा शून्य. एकूण १९!

मग १० च्या डब्यात १९ भरल्यावर काय होतं? सी भाषा अडवत नाही. मजकूर कॉपी करण्याचं ‘स्ट्रकॉपी’ हे जुनं फंक्शन डबा किती मोठा आहे हे विचारतच नाही. उरलेले बाइट्स शेजारच्या जागेत जातात आणि तिथली दुसरी माहिती पुसली जाते. कधी प्रोग्राम बंद पडतो, तर कधी हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळते. म्हणून कॉपी करण्याआधी लांबी तपासणं गरजेचं असतं, आणि ती अक्षरांत नाही तर बाइट्समध्ये.

एक दिलासा मात्र आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा कोणताही बाइट ‘<’ किंवा ‘>’ सारखा दिसत नाही. त्यामुळे मराठी मजकुरात टॅग शोधताना गोंधळ होत नाही.

२०१७ मध्ये काय घडलं होतं?

क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य वेबसाइट्सची पानं वाचकांपर्यंत पोहोचवते. वाटेत ती काही पानांमध्ये बदलही करते. त्यासाठी तिच्याकडे एक पार्सर होता. तो एक्सएमएलच्या भावंडाचे, म्हणजे एचटीएमएलचे टॅग वाचायचा. रॅगेल नावाच्या साधनाने तयार झालेला त्याचा कोड सी भाषेतच होता.

बफर संपला का, हे पाहण्यासाठी त्यात एक तपासणी होती. ‘आपण बरोबर शेवटावर आहोत का?’ पण एखाद्या पानाच्या अगदी शेवटी टॅग अर्धवट तुटलेला असेल, तर पार्सर उडी मारून शेवटाच्या एक पाऊल पुढे जायचा. मग ‘बरोबर शेवटावर’ हे उत्तर कधीच ‘हो’ येणार नव्हतं. तो पुढे वाचतच राहिला आणि शेजारच्या मेमरीत असलेली दुसऱ्याच वेबसाइट्सची माहिती पानात मिसळली. खासगी मेसेज, हॉटेल बुकिंग, लॉगिनसाठी लागणाऱ्या कुकीज असं बरंच काही त्यात होतं. त्यातलं काही सर्च इंजिनांनी साठवूनही ठेवलं.

गुगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये हे शोधून काढलं. या घटनेला ‘क्लाउडब्लीड’ असं नाव पडलं. तपासणीत ‘बरोबर’ऐवजी ‘बरोबर किंवा पुढे’ असं विचारलं असतं, तर ती उडी तिथेच पकडली गेली असती, असं कंपनीने नंतर स्वतः स्पष्ट केलं. विशेष म्हणजे ही चूक कोडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. आजूबाजूची रचना बदलल्यावर ती बाहेर आली.

छोटी फाइल, मोठा स्फोट

थांबण्याचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. एक्सएमएलमध्ये एखाद्या मजकुराला टोपणनाव देता येतं. हल्लेखोर असं करतो की प्रत्येक टोपणनावात आधीचं टोपणनाव दहा वेळा लिहितो. असे नऊ थर झाले की पहिला शब्द १०० कोटी वेळा उलगडतो. एक किलोबाइटपेक्षा लहान फाइल जवळपास ३ गिगाबाइट मेमरी खाते! याला ‘बिलियन लाफ्स’ हल्ला म्हणतात. टोपणनावं किती उलगडायची, टॅग किती खोल जाऊ द्यायचे, याची मर्यादा पार्सरने आधीच ठरवायला हवी, ती यासाठीच.

मग स्वतः पार्सर लिहावा का?

शिकण्यासाठी जरूर लिहावा. पण बाहेरून आलेली फाइल वाचायची असेल तर तयार लायब्ररी वापरणं शहाणपणाचं. जेम्स क्लार्क यांनी सुरू केलेली एक्सपॅट ही सीमधली अशीच एक जुनी लायब्ररी. ती टॅग उघडला, मजकूर आला, टॅग बंद झाला अशी एकेक वर्दी देत जाते. लिबएक्सएमएल२ ही दुसरी लायब्ररी पूर्ण फाइलचं झाडही तयार करून देऊ शकते.

एक्सपॅटला मजकुराचा तुकडा देताना सोबत दोन गोष्टी सांगाव्याच लागतात. तुकड्याची लांबी किती आणि हा शेवटचा तुकडा आहे का. म्हणजे कुठे थांबायचं, हे तिथे विचारूनच घेतलं जातं. २०२१ मध्ये आलेल्या २.४.० या आवृत्तीत बिलियन लाफ्सपासून संरक्षणही आलं. अर्थात लायब्ररी जुनी ठेवली तर त्याचा उपयोग नाही. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर येणारे कंटाळवाणे ‘सिक्युरिटी अपडेट’ टाळू नयेत, ते यासाठीच. त्यातल्या काहींमध्ये अशाच एखाद्या पार्सरला वेळेवर थांबायला शिकवलेलं असतं.